दुसऱ्या व्हायोलिनच्या वाट्याला काय आले?

पत्र :

‘मी मूळची अमळनेरची. गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले, नंतर काही वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणांत वाजवले आणि तिथेच पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकले. जळगावला परतल्यावर मी एक स्ट्रिंग क्वार्टेट उभे केले. त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे) आणि एक चेलो (त्याहून मोठे, खर्जाचे) आहे. सर्व रचना माझ्या असतात, पहिले व्हायोलिन मी वाजवते आणि तालमीही मीच घेते. दुसऱ्या व्हायोलिनवर माझे ज्येष्ठ गुरुबंधू आहेत. व्हायोलावादक नाशिकहून येतो आणि तो कागदाशिवाय वाजवत नाही. चेलोवादक भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर गातात त्या गाण्यांवर आधारलेल्या माझ्या नव्या रचनेच्या तालमीत गेल्या महिन्यात वाद झाला. गुरुबंधू म्हणाले, “मी इथे फक्त सूर धरायला येतो का?” चेलोवादकाची तक्रार अशी की, मी दर तालमीला काही ना काही बदलते. त्यातच हिवाळ्यातल्या कार्यक्रमाचे आयोजक सुचवत आहेत की तबला घ्या आणि थोडी सिनेगीते वाजवा. रचना आणि नेतृत्व यांपैकी एक काहीतरी मी सोडून द्यावे काय? नव्या रचनेची पहिली चार पाने सोबत पाठवत आहे.’

— एक व्हायोलिनवादिका, जळगाव

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोहोंपैकी काहीही सोडू नका. मात्र ही दोन कामे आज तुमच्या हातून एकमेकांत मिसळली आहेत, ती वेगळी करायला हवीत, आणि त्याची सुरुवात माणसांशी बोलण्यापूर्वी कागदापासून करावी लागेल. असे म्हणण्याचे कारण तुम्ही पाठवलेल्या चार पानांतच आहे.

पहिल्या पानावर झोक्याच्या गाण्याची चाल पहिल्या व्हायोलिनवर येते आणि दुसरे व्हायोलिन सोळा बार (ठरावीक मात्रांचे गट) षड्ज धरून बसते. दुसऱ्या पानावर ते पंचमावर जाते आणि तिथेच थांबते. व्हायोला तुमचीच चाल एक सप्तक खाली वाजवतो. चेलो प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर बोटाने तार छेडून षड्ज-पंचम देतो. तिसऱ्या पानावर तुमच्या ताना आहेत आणि उरलेल्या तिघांपुढे लांबच लांब स्वर आहेत. चौथ्या पानावर चेलोला दोन बारांची एक सुंदर स्वराकृती मिळते, पण ती पुरती उमलण्याआधीच पहिले व्हायोलिन ती उचलून घेते. ही पाने वाचून झाल्यावर तुमच्या गुरुबंधूंचे वाक्य मला रागातून आलेले वाटले नाही. त्यांच्यासमोर जो पार्ट (एका वाद्यासाठी लिहिलेला भाग) ठेवला होता, त्याचे ते अचूक वर्णन आहे.

असे का झाले, हेही समजण्यासारखे आहे. आपल्याकडे वाद्यसंगीताची घडण मुख्य कलाकार आणि साथसंगत अशी असते. तानपुरा सूर धरतो, तबला ठेका धरतो आणि त्या आधारावर एकच वादक राग उलगडत नेतो. या पद्धतीत वाढलेला मनुष्य चार तंतुवाद्यांसाठी लिहायला बसला की नकळत एक गायक, दोन तानपुरे आणि एक ठेका असेच लिहितो. तुमच्या गुरुबंधूंनीही तीच तालीम घेतली आहे, त्यामुळे आपल्याला कोणती जागा दिली गेली हे त्यांना तत्काळ कळले. तानपुऱ्यावर बसणे हा आपल्या परंपरेत कमीपणा मुळीच नाही, शिष्य गुरूच्या मागे आनंदाने बसतो. परंतु ज्येष्ठ गुरुबंधूला धाकट्या गुरुभगिनीच्या मागे, तेही व्हायोलिन हातात देऊन बसवले, तर त्याच्या मनाला लागणारच.

क्वार्टेट हा प्रकार ज्या मार्गाने मोठा झाला, त्या मार्गावर नेमका हाच पेच एकदा सुटलेला आहे. ऑस्ट्रियन संगीतकार जोसेफ हायडनने १७७२ मध्ये ओपस २० (ओपस म्हणजे रचनाक्रमांक) ची सहा क्वार्टेट लिहिली. त्यांतल्या दुसऱ्या, सी मेजरमधल्या क्वार्टेटची सुरुवात चेलो करतो. मुख्य चाल त्याच्याकडे असते आणि पहिले व्हायोलिन सुरुवातीचे काही बार चक्क गप्प असते. याच सहांपैकी तिघांचा शेवट फ्यूगने होतो, म्हणजे एकच चाल चारही वाद्ये पाठोपाठ घेतात आणि कोण मुख्य, कोण साथीला, हा प्रश्नच उरत नाही. त्या काळात चेलो साधारणपणे खालचा आधारस्वर सांभाळण्याचे काम करी, हे लक्षात घेतले म्हणजे ही सुरुवात केवढ्या धिटाईची होती ते कळते. तुम्ही हायडनसारखे लिहावे असे मी सुचवत नाही. पण तुमच्या चौथ्या पानावरची चेलोची ती स्वराकृती पहिल्या पानावर आणून पाहा आणि स्वतःला पहिले आठ बार विश्रांती द्या. मला वाटते, रचना तिथूनच श्वास घेऊ लागेल.

यानंतर जे करायचे ते अधिक कठीण आहे. या रचनेचा एक पूर्ण भाग तुम्ही दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसून वाजवा आणि गुरुबंधूंना पहिल्या खुर्चीवर बसवा. कार्यक्रमात जमले नाही तरी तालमीत हे अवश्य करा. रचनाकाराने पहिल्या व्हायोलिनवरच असले पाहिजे असा दंडक कुठेही नाही. व्हिएन्नामध्ये १७८४ मध्ये चार संगीतकार घरगुती मैफलीत एकत्र वाजवत होते, त्याची आठवण गायक मायकेल केली याने लिहून ठेवली आहे. हायडन पहिल्या व्हायोलिनवर, डिटर्सडॉर्फ दुसऱ्यावर, व्हानहाल चेलोवर आणि मोझार्ट व्हायोलावर. संगीतकार शूबर्ट घरच्या क्वार्टेटमध्ये व्हायोलाच वाजवीत असे. अलीकडच्या काळात, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या एमर्सन क्वार्टेटमध्ये दोन्ही व्हायोलिनवादक आलटून पालटून पहिल्या खुर्चीवर बसत. मधल्या आवाजात बसले की आपण लिहिलेले आतून ऐकू येते. सोळा बार एकच षड्ज धरताना बो (गज) कुठे बदलावा, वजन कसे राखावे, कंटाळा कसा आवरावा, हे तुम्हाला त्या खुर्चीवर एका तालमीत कळेल, आणि मग पुढच्या रचनेत तुम्ही तो षड्ज इतका लांब लिहिणार नाही.

गुरुबंधूंशी बोलणे मात्र तालमीच्या खोलीत, इतर दोघांसमोर करू नका. त्यांच्या घरी जा. सोबत सुधारलेला पार्ट न्या आणि झोक्याच्या चालीतली वळणे कुठे कशी घ्यावीत हे त्यांना विचारा. ते गुरुजींकडे तुमच्या आधीपासून शिकले आहेत; रागाच्या बाबतीत त्यांचा शब्द वडीलधाऱ्याचा आहे आणि रचनेच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमचा आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. त्यांनी सुचवलेली एखादी जागा स्वीकारलीत, तर स्कोअरमध्ये, म्हणजे चौघांचे पार्ट एकत्र दाखवणाऱ्या प्रतीत, त्या ठिकाणी तसे लिहून ठेवा.

आता सुरांकडे वळतो. तुमच्या पानांवर षड्ज सी वर, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एकवर धरलेला आहे. तो पांढरी दोनवर, म्हणजे डी वर घेऊन पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई अशा असतात. व्हायोला आणि चेलो यांच्या सी, जी, डी, ए. डी हा षड्ज मानला की चारही वाद्यांवर मोकळा षड्ज, मोकळा पंचम आणि मोकळा मध्यम मिळतो. व्हायोलिनची ई तार रिषभ होते आणि व्हायोला व चेलो यांची सी तार कोमल निषाद होते. सा, रे, म, प आणि कोमल नी. चौघांनी नुसत्या मोकळ्या तारांवर बो फिरवला तरी मधमाद सारंगाचे पाचही स्वर हवेत उभे राहतात. आखाजी वैशाखात येते, लेकी माहेरी येतात ती वेळ खानदेशातल्या ऐन उन्हाची, आणि सारंग हा भर दुपारचा राग. तुमच्या झोक्याच्या गाण्याला याहून जवळचे घर मला सुचत नाही. मूळ चालीत गांधार लागत असेल तर तो जरूर लावा. सभोवती हे पाच स्वर मोकळे घुमत असताना बोटाने लावलेला तो एकच स्वर किती उठून दिसेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक चांगली असेल.

यासाठी एक पथ्य पाळावे लागेल. अनेक हिंदुस्थानी व्हायोलिनवादक तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात. तुम्ही आणि गुरुबंधू तशा लावत असाल, तर या रचनेपुरत्या त्या मूळ पाश्चात्त्य पद्धतीने लावा. नाहीतर व्हायोला आणि चेलो यांच्याशी मोकळ्या तारांचे नाते जुळणार नाही. तारा जुळवण्याचे काम चेलोपासून सुरू करा आणि बाकीच्यांनी त्याच्याशी मिळवून घ्या. हिवाळ्यात खानदेशात संध्याकाळनंतर पारा भराभर उतरतो, आणि कार्यक्रम उघड्या रंगमंचावर असेल तर दोन रचनांच्या मध्ये पुन्हा सूर जुळवण्याइतका वेळ हाताशी ठेवावा लागेल.

चेलोवादकाची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. ड्यूटी सांभाळून, घरी बसवलेला पार्ट घेऊन जो मनुष्य भुसावळहून येतो, त्याला तालमीत गेल्यावर तो पार्ट रद्द झाल्याचे कळत असेल, तर घरी रियाज करण्याचे कारणच उरत नाही. रचनाकार म्हणून तुम्हाला बदल सुचणे स्वाभाविक आहे, परंतु तालीम घेणारी व्यक्ती म्हणून त्या बदलांना दार कधी बंद करायचे हे ठरवणेही तुमचेच काम आहे. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी स्कोअर बंद करा. त्यानंतर सुचेल ते वहीत उतरवा आणि पुढच्या प्रयोगासाठी राखून ठेवा. चौघांनाही आपापल्या पार्टबरोबर पूर्ण स्कोअर द्या, म्हणजे आपण गप्प असताना दुसरा काय करतो आहे हे प्रत्येकाला दिसेल. व्हायोलावादकासाठी आल्टो क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलासाठीच्या स्वरलेखनात, स्वच्छ पार्ट लिहा. गुरुबंधूंना हवे असेल तर त्यांच्या पार्टवर स्वरांच्या डोक्यावर भातखंडे पद्धतीने सरगम लिहून द्या. दोन लिपी एका कागदावर सुखाने नांदतात.

तुमच्या मनात येणारे बरेचसे बदल मुळात बदल नसून उपज असावी, असा माझा अंदाज आहे. वाजवताना नवे सुचते आणि ते टिकवावेसे वाटते. त्यासाठी रचनेतच जागा ठेवा. ठरावीक ठिकाणी चौकट आखा, तिथे कोणते स्वर घ्यायचे ते लिहा, कितीही आवर्तने चालू द्या आणि परत यायची खूण म्हणून चेलोची एक ओळखीची ओळ नेमून द्या. चौकटीबाहेर मात्र कागदाचे ऐकायचे. ही चौकट आळीपाळीने चौघांनाही मिळाली पाहिजे. व्हायोलावादक कागदाशिवाय वाजवत नाही म्हणता, तर त्याच्या चौकटीत पहिल्यांदा तीनच स्वर द्या.

कागद आणि उपज यांचा हा मेळ घालणारे तुम्ही पहिले नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकलेले अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांनी कागदावर लिहिणे जवळजवळ सोडून दिले होते. १९७३ मध्ये अमेरिकेत क्रोनोस क्वार्टेट स्थापन करणारे व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन यांनी त्यांना पुन्हा लिहायला लावले आणि त्यातून एक दीर्घ सहकार्य उभे राहिले. तुमच्या स्थितीशी अधिक जवळचे उदाहरण टर्टल आयलंड क्वार्टेटचे आहे. व्हायोलिनवादक आणि रचनाकार डेव्हिड बालकृष्णन यांनी ते १९८५ मध्ये सुरू केले. स्वतः लिहायचे, स्वतः वाजवायचे आणि सहकाऱ्यांना उपजेची मोकळीक द्यायची, हीच त्यांची रीत. २००६ आणि २००८ मध्ये या क्वार्टेटला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

तबल्याच्या सूचनेबाबत माझे मत स्पष्ट आहे : या कार्यक्रमात तबला घेऊ नका. तबला हे थोर वाद्य आहे, प्रश्न त्याच्या योग्यतेचा नाही. ठेका बाहेरून आला की आतल्या तिघांचे लयीचे काम संपते आणि ते पुन्हा लांब स्वर धरून बसतात, म्हणजे गुरुबंधूंची तक्रार मागच्या दाराने परत येते. शिवाय तबल्यासाठी माइक लागला की सर्वांनाच माइक लागतात आणि चार वाद्यांचा नैसर्गिक तोल ध्वनियंत्रणा हाताळणाऱ्याच्या हाती जातो. लय आतूनच निर्माण करा. टर्टल आयलंडच्या वादकांनी चॉप नावाची युक्ती रुळवली. बो मुठीकडच्या टोकाने तारांवर आपटून कोरडा, जवळजवळ चर्मवाद्यासारखा आघात काढायचा. गुरुबंधूंच्या उजव्या हातात जोर असेल तर ही जबाबदारी त्यांच्याकडे द्या. समेची जागा एकाच वाद्याकडे कायमची ठेवू नका, आवर्तनागणिक ती फिरती राहू द्या. चौघांनी एकत्र उठावे कसे, हा प्रश्न मग श्वासावर येतो. अर्धवर्तुळात इतके जवळ बसा की एकमेकांचा श्वास ऐकू येईल, आणि सुरुवातीचा इशारा ज्याच्याकडे चाल असेल त्याने द्यावा, मग ते पहिले व्हायोलिन असो वा नसो.

सिनेगीतांचा आग्रह मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्यात आयोजकांचा अरसिकपणा नाही. गजाननबुवा जोशी, दा. के. दातार, प्रभाकर जोग यांच्यासारख्या वादकांनी मराठी श्रोत्याला व्हायोलिन गाताना ऐकण्याची सवय लावली आहे. प्रभाकर जोगांचे ‘गाणारे व्हायोलिन’ घराघरांत पोहोचले होते. व्हायोलिन दिसले की शब्द माहीत असलेले गाणे ऐकू यावे, ही त्या श्रोत्याची हक्काची अपेक्षा आहे. जळगावात दरवर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, गावागावांत वहीगायन (खानदेशातला लोकगायनाचा प्रकार) ऐकत रात्र जागवणारी माणसे आहेत. खानदेशी श्रोत्याला ऐकण्याची सवय नाही असे समजणे चुकीचे ठरेल. तेव्हा एक गाणे घ्या, एकच, आणि त्याची चाल चारही वाद्यांतून फिरवत न्या. मुखडा व्हायोलावर, अंतरा चेलोवर. क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा संग्रह प्रत्यक्ष आशा भोसले यांच्यासह प्रसिद्ध केला, तेव्हा या वाटेने जाण्यात समकालीन क्वार्टेटची पातळी घसरते असे कोणी म्हणू शकणार नाही. ते गाणे कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका, आखाजीच्या रचनेच्या आधी ठेवा. ओळखीची चाल चार वाद्यांत कशी वाटली जाते हे एकदा कानाला कळले की अनोळखी रचनेतही श्रोता ती वाट शोधू लागतो. रचनेपूर्वी दोन मिनिटे बोला आणि मूळ झोक्याचे गाणे एखाद्या जाणत्या बाईकडून दोन कडवी तरी गाऊन घ्या.

यावरून आखाजीच्या गाण्यांविषयी एक अपेक्षा सांगतो. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने १९०६ पासून सहकारी संगीतकार कोदाय यांच्यासह हंगेरीच्या खेड्यांत फिरून शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली, आणि १९०९ ते १९३९ या काळात पूर्ण केलेल्या त्याच्या सहा क्वार्टेटांत त्या गाण्यांची सप्तके, त्यांची वेडीवाकडी लय मुरलेली आढळते. उचललेली चाल मात्र क्वचितच सापडते. तुमच्या रचनेत सध्या चाल आहे तशी उचललेली आहे आणि भोवती सूर धरले आहेत. झोक्याच्या गाण्यात झोका पुढे जाताना ओळ लांबते आणि मागे येताना आखडते, बायका श्वास कुठे घेतात आणि दुसरा गट ओळ कुठे झेलतो, या गोष्टी चालीइतक्याच मोलाच्या आहेत. दोन गटांनी ओळ झेलण्याची ती रीत तर दोन व्हायोलिनांसाठी जणू आयती तयार आहे. ज्या बायकांकडून गाणी ऐकलीत त्यांच्या परवानगीने ती ध्वनिमुद्रित करा, गाव आणि गाणारीचे नाव वहीत नोंदवा आणि कार्यक्रमपत्रिकेत चाल पारंपरिक असल्याचे व ती कोणाकडून मिळाली हे छापा.

शेवटी व्यवहार. भारतीय कायद्याप्रमाणे रचनेचा हक्क रचनाकाराकडे त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वादकांना आपल्या वादनावर वेगळा हक्क असतो आणि तो ५० वर्षांचा आहे. ही दोन वेगळी नाती आहेत, ती मानधनातही वेगळी दिसू द्या. वादनाचे मानधन चौघांना समान असावे. रचनेचा मोबदला घ्यायचा असेल तर तो तेवढ्याच उघडपणे वेगळा मागा, वादनाच्या वाट्यात मिसळू नका. चौकटीतल्या उपजेतून एखादा भाग कायमचा रचनेत आला, तर त्याचे श्रेय कसे लिहायचे हे आत्ताच ठरवा. सिनेगीताच्या परवान्याची जबाबदारी कोणाची, हे आयोजकांकडून लेखी घ्या. हे सारे एका पानावर मराठीत लिहून चौघांनी सह्या कराव्यात. आणि व्हायोलावादकाचा नाशिकचा व चेलोवादकाचा भुसावळचा प्रवासखर्च मिळालेल्या रकमेतून आधी वजा करावा, वाटणी त्यानंतर करावी.